पंधरा हजारांचे तीन हजार

रेल्वेच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. या मताला आमच्या घरात माझ्याखेरीज दुसरा पाठीराखा नाही, ही गोष्ट वेगळी. जन्म डोंबिवलीचा, नोकरी फोर्टातली. म्हणजे कर्त्या वयाचा बराचसा भाग एका पायावर उभं राहून काढलेला. शिवाय आजोळ नाशिकचं. दर मे महिन्यात इगतपुरीला गाडी थांबायची, मुंबईहून आलेलं इंजिन सुटून जायचं, दुसरं लागायचं आणि वडील सांगायचे, "इथं डीसी संपली. आता एसी." घाट चढून इंजिन दमतं म्हणून बदलतात, असं डब्यातली बाकीची मुलं समजायची. मला खरं कारण माहीत होतं. मुंबईपासून इगतपुरीपर्यंत तारांमध्ये १,५०० व्होल्टची डीसी, पुढे २५,००० व्होल्टची एसी. एकीवरचं इंजिन दुसरीवर चालायचं नाही.

पण ज्या जागी एक वीज संपते आणि दुसरी सुरू होते, ती जागा काही मी कधी पाहिली नाही. पाहणार कशी? गाडी तिथं पोचायची तेव्हा माझं सगळं लक्ष बटाटेवडेवाला आपल्या खिडकीशी येतो की नाही याकडे. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली आणि २०१६ सालापर्यंत तर मध्य रेल्वेनं मुंबईकडची डीसीच काढून टाकली. जाऊ कधीतरी, बघू निवांत, असं म्हणत मी जी सीमा राखून ठेवली होती ती माझ्या नाकावर टिच्चून नाहीशी झाली.

भाची बर्नला असते. तिनं मामा-मामीला बोलावलं तेव्हा बायकोच्या यादीत बर्फ होता, तळी होती, चॉकलेटचा कारखाना होता. माझ्या यादीत एकच नाव होतं: डोमोडोसोला.

आल्प्सच्या दक्षिण पायथ्याशी, इटलीच्या उत्तर टोकाला, जेमतेम अठरा हजार वस्तीचं हे गाव. पण स्टेशन असं की जिनिव्हाहून आणि बाझलहून मिलानला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथं थांबतात, बर्नची गाडी इथं येऊन संपते, मिलान आणि नोव्हाराकडच्या इटलीतल्या साध्या पॅसेंजर इथून सुटतात, आणि चौकाखाली, जमिनीच्या पोटातून, स्वित्झर्लंडातल्या लोकार्नोला जाणारी एक मीटरगेज गाडी निघते. शिवाय (आणि माझ्या लेखी हे शिवायच मुख्य) स्वित्झर्लंडची रेल्वे चालते १५,००० व्होल्टच्या एसीवर, तीही आपल्यासारखी ५० हर्ट्‌झची नव्हे, १६.७ हर्ट्‌झची, इटलीची ही लाइन ३,००० व्होल्टच्या डीसीवर. दोघींची गाठ पडते ती या स्टेशनात. म्हणजे माझी हरवलेली इगतपुरी सापडली होती, फक्त व्हिसा लागणार होता.

बायकोला मी व्होल्टबद्दल अवाक्षर बोललो नाही. तिला सांगितलं, सेंतोवाल्ली म्हणून एक निसर्गरम्य रेल्वे आहे. १९२३ साली सुरू झालेली, बावन्न किलोमीटर, ८३ पूल, दऱ्याच दऱ्या. तिचं एक टोक डोमोडोसोला. तिथं गाडी बदलायची, लोकार्नोला जायचं, संध्याकाळी घरी. "आणि गाडी बदलायला वेळ किती?" तिनं विचारलं. "भरपूर," मी म्हणालो. तो भरपूर ठेवायला मी मधल्या दोन गाड्या मुद्दाम सोडल्या होत्या, हे तिला कळायचं कारण नव्हतं.

भाचीनं निघताना सूचना दिल्या. स्विस पास डोमोडोसोलापर्यंत चालतो आणि त्या छोट्या गाडीतही चालतो, पण मिलानच्या गाडीत चालत नाही, तेव्हा तिच्यात चढू नका. छोट्या गाडीचा फलाट जमिनीखाली आहे. "आणि मामा, पासपोर्ट बरोबर घे."

इथं माझ्यातला व्याख्याता जागा झाला. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. तेव्हापासून या सीमेवर पासपोर्टची नेहमीची तपासणी नाही. आणि ज्या देशाच्या खिसेकापूंबद्दल अख्खी डोंबिवली मला बजावून गेली आहे, त्या देशात मी मूळ पासपोर्ट घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा, असं मी तिला समजावलं.

"तपासत नाहीत मामा, पण कधीही विचारू शकतात. परदेशी माणसानं जवळ ठेवायचाच असतो."

"विचारतील त्याला मी समजावीन," मी म्हणालो, आणि पासपोर्ट तिच्या टेबलाच्या खणात ठेवून दिला. या वाक्यातला पहिला शब्द पुढे खरा ठरला.

श्पीत्सला आमच्या गाडीचे दोन भाग होतात. एक त्स्वायझिमेनकडे वळतो, दुसरा ब्रिगवरून डोमोडोसोलाला जातो. ही माहिती मी बायकोला इतक्या तपशिलात देत होतो की आपण यातल्या कुठल्या भागात बसलोय हे बघायचं राहिलं. तिनं दारावरची पाटी वाचली, माझी बॅग उचलली आणि पुढच्या डब्यात जाऊन बसली. मी मागोमाग गेलो, वाक्य तिथंच पूर्ण केलं.

नव्या डब्यात समोर एक स्विस आजी-आजोबा होते. आजोबा झोपलेले, आजींच्या पायाशी चाकांची रिकामी पिशवी. पाच मिनिटांत आजींची आणि बायकोची मैत्री झाली. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती, त्यामुळे गप्पांत कुठं अडथळा आला नाही. आजी चालल्या होत्या डोमोडोसोलाच्या शनिवारच्या बाजाराला. आल्प्सच्या अलीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी तिकडे उतरतात. चीज, सलामी, कपडे, चपला, सगळं तिकडे स्वस्त. मात्र स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकातीत नाही, त्यामुळे परत येताना मटण-सलामी आणायची ती माणशी एक किलो, त्याहून जास्तीवर जकात. बायकोनं झोपलेल्या आजोबांकडे बोट करून खुणेनंच विचारलं, यांना कशाला आणलंत? आजींनी एक बोट वर केलं: माणशी एक किलो. बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी माझा काहीतरी उपयोग तिला पहिल्यांदाच दिसत असावा.

ब्रिगनंतर सिंप्लॉनचा बोगदा लागतो. मी टिपणं काढली. १८९८ मध्ये काम सुरू झालं, १९०६ मध्ये गाड्या धावू लागल्या. लांबी एकोणीस किलोमीटर आणि आठशे मीटर, म्हणजे १९८२ पर्यंत जगातला सर्वांत लांब रेल्वे-बोगदा. खोदताना आतला खडक पन्नास अंशांच्या वर तापलेला, गरम पाण्याचे झरे फुटलेले. माणसं थंड पाण्याचे फवारे अंगावर घेत खणत होती. वाफेच्या इंजिनाचा धूर आत कोंडेल म्हणून पहिल्या वर्षापासूनच इथं विजेवर गाड्या चालल्या. आपल्याकडे मुंबई-कुर्ला विजेवर धावली ती १९२५ मध्ये. आणि या बोगद्याच्या साधारण मध्यावर, डोक्यावर दोन हजार मीटर डोंगर असताना, दोन देशांची सीमा आहे.

ती मला टिपायची होती. मी मोबाइल खिडकीला लावून व्हिडिओ चालू केला आणि श्वास रोखून उभा राहिलो. खिडकीबाहेर अंधार, अंधारामागे भिंत. काहीतरी पांढरं झर्रकन गेलं, ते सीमेचं चिन्ह होतं की दिवा, कळलं नाही. तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवला आहे. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत, काचेत पडलेल्या प्रतिबिंबाच्या रूपानं, माझ्या नाकपुड्या आहेत.

बोगद्याबाहेर इझेल्ले, म्हणजे इटली. तिथून उतार चाळीसात एक. आपला थळ घाट सदतिसात एक, म्हणजे आपला जास्त खडा, हे मी आजींना आवर्जून सांगितलं. त्यांनी मला एक गोळी दिली. बहुधा घशाची. पुढे व्हार्झो. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी सिंप्लॉन बोगदा उडवायचं ठरवलं होतं, त्यासाठी या स्टेशनात स्फोटकांचा ढीग आणून ठेवला होता. पार्टिझान सैनिकांनी एका रात्रीत तो पेटवून दिला आणि बोगदा वाचला. हे खरोखर ऐकण्यासारखं होतं आणि बायकोनं ऐकलंही. त्या जोरावर मी पुढची गोष्ट काढली: १९१० मध्ये जॉर्ज चावेझ नावाचा पेरूच्या घराण्यातला तरुण वैमानिक ब्रिगहून उडाला, विमानातून आल्प्स ओलांडणारा पहिला माणूस ठरला, आणि डोमोडोसोलाला उतरताना अगदी शेवटच्या काही मीटरवर विमान मोडून कोसळला. चार दिवसांत गेला.

"उतरायच्या तोंडावर असलं बोलू नका," बायको म्हणाली, आणि बॅगा काढायला लागली.

डोमोडोसोलाचं स्टेशन दगडी, रुंद, सिंप्लॉनच्या काळातलं. एवढ्याशा गावाला एवढं भारदस्त स्टेशन का, तर कधीकाळी लंडन-पॅरिसकडून कॉन्स्टँटिनोपलला जाणारी सिंप्लॉन ओरिएंट एक्स्प्रेस इथून जायची. फलाट इतके लांब की माझ्यासारख्या माणसालाही पलीकडचं टोक बघायला चष्मा काढून पुसावा लागला. भिंतीवर सुटणाऱ्या गाड्यांचा पिवळा तक्ता आणि येणाऱ्यांचा पांढरा. एका गाडीतून शाळकरी पोरं उतरत होती, तिच्या शेजारच्या फलाटावर मिलानकडे जाणाऱ्या लांब गाडीची घोषणा चालली होती, आणि दोन्हीकडची माणसं एकाच जिन्यानं, एकाच दारानं बाहेर पडत होती.

मला थोडं वाईट वाटलं. कुठं काटेरी तार नाही, फाटक नाही, शिक्के मारणारं टेबल नाही. मी दुसऱ्या देशात आलो आणि कुणाला त्याचं काहीच नाही. कल्याणला फलाट बदलताना याहून जास्त माणसं माझ्याकडे बघतात.

बायको आजींबरोबर बाजाराला निघाली. "तुम्ही?"

"मला जरा काम आहे."

"परदेशात?"

"तू हो पुढे."

मग मी फलाटाच्या उत्तर टोकाला गेलो. तिथं छप्पर संपतं, बाक संपतात, आणि प्रवाशाला जायचं काही कारण उरत नाही. वर तारांचं जाळं होतं. कुठंतरी त्याच्यात एक तुकडा असणार, जिथं अलीकडे एसी, पलीकडे डीसी. मी मान वर करून एकेक तार तपासायला सुरुवात केली. खांबांचे फोटो काढले. चिनी मातीच्या चिमण्यांचे फोटो काढले. गाडी आली की व्हिडिओ, गेली की पुन्हा तारा. मध्येच वहीत नकाशा काढत होतो: फलाट, रूळ, खांब, बाण. आता विचार केला की कळतं, सरहद्दीवरच्या रेल्वे स्टेशनाचा नकाशा काढणारा, बिनसामानाचा, ओळखपत्र नसलेला माणूस दुरून कसा दिसत असेल ते. तेव्हा मात्र मी कमालीचा सुखात होतो.

"सिन्योरे."

मागे निळ्या गणवेशातले दोघं. एक बाई, एक पुरुष. दोघंही अतिशय सभ्य, हे आधीच सांगतो; पुढे जे झालं त्यात त्यांची बाजू पूर्ण बरोबर होती.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, इथं काय करताय?

इथं "रेल्वे बघतोय" एवढं म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. असले लोक तिकडे पुष्कळ असतात. पण मी ज्ञानाला जागलो. म्हणालो, "आय अॅम वेटिंग फॉर द चेंज."

त्यांना वाटलं, मला सुट्टे पैसे हवेत. बाईंनी स्टेशनच्या इमारतीकडे हात केला.

"नो नो. बिग चेंज. फ्रॉम स्वित्झर्लंड साइड, फिफ्टीन थाउजंड. इटली साइड, ओन्ली थ्री थाउजंड. हिअर दे चेंज."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो पुरुष हळूच वॉकीटॉकीत काहीतरी बोलला आणि लवकरच राखाडी गणवेशातला तिसरा आला. नंतर भाचीनं सांगितलं की तिकडे पैशाचे, जकातीचे, करांचे गुन्हे बघणाऱ्या दलाचा गणवेश राखाडी असतो, आणि दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड सीमेपलीकडे नेताना आधी जाहीर करावी लागते. मला तेव्हा एवढंच दिसलं की विषयात रस असलेला आणखी एक माणूस आला. मी खुलून गेलो.

"हे पंधरा हजार," राखाडी गणवेशवाल्यानं शांतपणे विचारलं, "आत्ता कुठं आहेत?"

मी वर बोट केलं. तिघांनी वर पाहिलं.

"कोण बदलतं?"

"रेल्वे."

"रेल्वेतला कोण?"

"ड्रायव्हर."

त्यानं ते लिहून घेतलं. त्यांना अजून नीट कळलं नाही असं वाटून मी सुरक्षिततेचा मुद्दा मांडला. "यू टच," मी त्याच्याकडे बघून गंभीरपणे म्हणालो, "यू डाय."

यानंतर मला ऑफिसात नेण्यात आलं.

ऑफिस लहान, स्वच्छ. "डॉक्युमेंट," त्यांनी मागितलं. मी समजावायला सुरुवात केली. शेंगेनबद्दल, डिसेंबर २००८ बद्दल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्युमेंट." मग मी खिसे रिकामे केले. टेबलावर मांडणी झाली ती अशी: आधार कार्ड, स्विस पासचा कागद, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, बडीशेपेची पुडी, चाळीसेक युरो आणि काही सेंट, एका डबीत दोन बेसनाचे लाडू, आणि डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा फर्स्टक्लासचा पास, जो निवृत्तीनंतरही मी पाकिटातून काढलेला नाही. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यावरची तारीख तेवढी त्यांना वाचता आली. "एक्सपायर्ड," त्या म्हणाल्या. आवाजात सहानुभूती होती असं मला वाटलं.

लाडवांचं मात्र त्यांनी कौतुकानं नाव विचारलं. मी एक पुढे केला. कामावर असताना घेता येत नाही, असं कळलं. तेवढ्यावरून राखाडी गणवेशवाल्यानं मी काय देऊ केलं याचीही नोंद घेतली असावी, कारण पेन पुन्हा चाललं.

मग त्यांनी नाव, जन्मगाव विचारलं. निळ्या गणवेशातल्या पुरुषानं कुठंतरी फोन लावला आणि माझ्या चिठ्ठीवरचं वाचून दाखवायला लागला. त्याच्या इटालियनमधून मला नावं ऐकू आली: "डोमोडोसोला... ओत्रांतो... मिलानो... बोलोन्या... इमोला... व्हेनेत्सिया... लिव्होर्नो... इमोला."

माझ्या पोटात गोळा आला. पंधरा हजारांचे तीन हजार करणाऱ्या टोळीचं जाळं अख्ख्या इटलीत पसरलंय आणि त्यात माझं नाव गोवलं जातंय, असं मला स्पष्ट दिसलं. मी खुर्चीतून उठलो. "सर, यातल्या एकाही गावात मी पाऊल टाकलेलं नाही! फक्त पहिलं सोडून! आणि इमोला तर दोनदा म्हणताय!"

फोनवरचा माणूस थांबला. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी समजावलं: इटलीत फोनवर स्पेलिंग सांगताना प्रत्येक अक्षरासाठी एकेका गावाचं नाव घेतात, आणि 'डी'साठी देशभर, सिसिलीच्या टोकापर्यंत, ठरलेलं गाव म्हणजे डोमोडोसोला. डी, ओ, एम, बी, आय, व्ही, एल, आय. त्यांनी माझं डोंबिवली फोनवरून अक्षर लावून सांगितलं होतं.

खरं सांगतो, त्या परिस्थितीतही मला भरून आलं.

तेवढ्यात दारातून एक मिशीवाला गृहस्थ आत डोकावला. हातात कॉफीचा कागदी पेला, खांद्याला झोळी. इंजिन ड्रायव्हर. मी त्याच्याकडे बघून शेवटचा प्रयत्न केला. वही उघडली, माझा नकाशा दाखवला, वर बोट केलं आणि म्हणालो, "फिफ्टीन थाउजंड व्होल्ट. थ्री थाउजंड व्होल्ट." व्होल्ट. हा शब्द मी आतापर्यंत उच्चारलाच नव्हता. माझ्या मते तो उघडच होता.

"आऽऽ!" मिशीवाला ओरडला. "व्होल्त!"

पुढची पाच मिनिटं ऑफिसात आम्ही दोघंच होतो. बाकीचे तिघं केवळ हजर होते. त्यानं माझं पेन घेतलं. आधी तारेतला खंड काढला. मग दोन पँटोग्राफ काढले, एक अरुंद, एक रुंद: स्वित्झर्लंडचा १,४५० मिलिमीटर, इटलीचा १,६००. वीज वेगळी, तसाच तिला टेकणारा पँटोग्राफही वेगळा. मिलान-जिनिव्हासारख्या गाड्या दोन्ही घेऊन धावतात; इथं गाडी थांबली की एक खाली घ्यायचा, दुसरा वर करायचा. त्यानं कोपर वरखाली करून दाखवलं. मी पण करून दाखवलं. मी त्याला इगतपुरी सांगितली, घाट सांगितला, सदतिसात एक सांगितलं. त्यानं आदरानं भुवया उंचावल्या. मग माझ्या खांद्यावर थाप मारून तिघांना म्हणाला, "कोलेगा." सहकारी. मी इतकी वर्षं बँकेत कर्जाच्या फायली सरकवल्या, हे सांगायची ती वेळ नव्हती.

राखाडी गणवेशवाल्यानं वही मिटली. त्याच्या चेहऱ्यावर अख्खी दुपार वाया गेलेल्या माणसाचं दुःख होतं. पण पासपोर्टचा प्रश्न राहिलाच. भाची फोन उचलत नव्हती. शनिवार, पोहायला गेली असणार. शेवटी तिचा निरोप आला: खणातल्या पासपोर्टचा फोटो, व्हिसाचा फोटो, आणि खाली एकच शब्द, "मामा". त्या एका शब्दात तिच्या आईचा सगळा स्वभाव उतरला आहे.

फोटो पाहून, तपासून, बाईंनी मला सोडलं. पुन्हा मूळ पासपोर्टशिवाय हिंडायचं नाही, फलाटाच्या टोकाला जायचं नाही, हे दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना इंग्रजी फार सोपं वापरलं.

"जिनिव्हाची येतेय," मिशीवाल्यानं घड्याळ दाखवलं. "जा, बघा!"

मी धावलो. या वयात, या गुडघ्यांनी, फलाटाच्या टोकाला न जाता पण त्या दिशेनं शक्य तितकं. मिलानहून आलेली चंदेरी गाडी उभी होती. माणसं चढत-उतरत होती. टपावर पँटोग्राफ तारेला टेकलेला. मी मोबाइल वर धरला, व्हिडिओ चालू केला, हात स्थिर केला. जन्मभर जे राहून गेलं ते आता एका क्षणात होणार होतं.

मोबाइल वाजला. पडद्यावर भाचीचा पोहून आलेला चेहरा. "मामा, सोडलं का रे तुला? मामी कुठंय? तुम्ही जेवलात का?"

मी तिला कसंबसं गप्प केलं आणि वर पाहिलं. टपावर पँटोग्राफ तारेला टेकलेला होता. मगाचाच की दुसरा, ते देवाला ठाऊक आणि ड्रायव्हरला. मी मोजायचा प्रयत्न केला, अरुंद आहे की रुंद. दीडशे मिलिमीटरचा फरक खालून दिसत नाही. गाडी आवाज न करता निघून गेली.

बायको थोडं अलीकडे एका बाकावर बसली होती, मांडीवर कागदात गुंडाळलेला एक मोठा गठ्ठा घेऊन. "कुठं होतात? चला, आपली गाडी लागलीय." मी छोट्या गाडीसाठी फलाटाच्या पलीकडच्या टोकाला निघालो, नेरळला माथेरानची गाडी बाजूलाच असते, तशी हीही असणार. बायको विरुद्ध दिशेला जिना उतरून गेली. खाली, चौकाच्या पोटात, बोगद्यासारख्या उजेडात ती चिमुकली गाडी उभी होती. जमिनीखाली म्हणून भाचीनं सांगितलेलं मला आठवलं, पण तोवर बायकोला खिडकीची जागा मिळून गेली होती.

गाडी वर उजेडात आली, गाव मागे पडलं, चढ सुरू झाला. मी झालेला प्रकार सांगितला. थोडा गाळून, टोळी, लाडू आणि इमोला मी वगळले.

"म्हणजे तुम्ही ते बघायला थांबला होतात?" ती म्हणाली. "त्या चंदेरी गाडीच्या डोक्यावरचं? मी पाहिलं की."

"काय पाहिलंस?"

"एक खाली बसलं, आणि लांबचं दुसरं उठलं. अगदी सावकाश. आत सगळा आवाज बंद झाला, मग परत सुरू झाला. आजींनीच दाखवलं, म्हणाल्या, दर वेळी असंच करतात. त्यात काय बघायचंय एवढं?"

मी काही बोललो नाही. खाली पहिली दरी आली, मग पहिला उंच पूल. बाहेर खरोखरच सुरेख होतं. पण माझी नजर त्या कागदातल्या गठ्ठ्याकडे गेली.

"हे काय घेतलंस?"

"चीज. बेट्टेलमाट म्हणतात. इथल्या वरच्या कुरणांवर गाई उन्हाळ्यात चरायला जातात ना, तेव्हाचं. आजींनी चव घेऊन दिलं."

"कितीला पडलं?"

"तीन हजार."

"तीन हजार? रुपये?"

"मग काय व्होल्ट?"